वाचक विचारतात : फिलिपिनो हॉटेलात जेवायला जाताना

विदर्भातील खेड्यांमधून आखाती देशांत, सिंगापूरला किंवा जहाजांवर नोकरीसाठी गेलेल्या मुला-मुलींची संख्या वाढत आहे. तेथे त्यांचे सहकारी, खोलीतील सोबती आणि कधी कधी वरिष्ठही फिलिपिनो असतात. साहजिकच या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे फिलिपिनो जेवणाबद्दलचे प्रश्न बरेच दिसतात. त्यांपैकी काही पत्रे निवडून येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : आमचा मुलगा दुबईत एका बांधकाम कंपनीत सर्व्हेअर आहे. दिवाळीनंतर आम्ही दोघे नवरा-बायको पहिल्यांदाच त्याच्याकडे जाणार आहोत. त्याच्या आजारपणात ज्याने त्याचे सगळे केले, त्या फिलिपिनो सहकाऱ्याने आम्हाला सत्वा भागातील आपल्या आवडत्या हॉटेलात जेवायला येण्याचे आमंत्रण आतापासूनच देऊन ठेवले आहे. आमच्या दोघांच्याही गळ्यात माळ आहे, अंडेसुद्धा चालत नाही. नाही म्हणावे तर त्या भल्या माणसाला वाईट वाटेल आणि जावे तर पानात काय येईल याची धास्ती वाटते. काय करावे?
— एक शेतकरी, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : आमंत्रण अवश्य स्वीकारावे, मात्र त्याची तयारी हॉटेलात पोहोचल्यावर न करता आदल्या दिवशीच करावी. आपल्याला धास्ती वाटते ती ताटात दिसणाऱ्या मांसाची, परंतु दिसणारे मांस टाळणे सोपे असते. खरी अडचण आहे ती न दिसणाऱ्या तीन गोष्टींची : माशांपासून केलेले ‘पातिस’ नावाचे पातळ खारे पाणी, बारीक झिंगे किंवा मासे मिठात आंबवून केलेला ‘बागोओंग’ नावाचा लगदा, आणि कोंबडी, डुकराचे मांस किंवा हाडे उकळून काढलेले पाणी. फिलिपिनो स्वयंपाकात मिठाचे काम पुष्कळदा पातिस आणि बागोओंग करतात, त्यामुळे नुसती भाजी दिसली म्हणून ती शाकाहारी आहे असे समजता येत नाही.

उदाहरणे दिली की हे स्पष्ट होईल. ‘पिनाकबेत’ या इलोकोस प्रांतातील प्रसिद्ध भाजीत कारले, वांगे, भेंडी, लाल भोपळा आणि चवळीच्या लांब शेंगा असतात. यांपैकी एकही वस्तू आपल्या वावरात होत नाही असे नाही, पण ही भाजी बागोओंगशिवाय क्वचितच शिजते. बिकोल प्रांतातील ‘लाईंग’ म्हणजे नारळाच्या दुधात आटवलेली धोप्याची, म्हणजे अळूची, पाने, आणि त्यांत सुके झिंगे किंवा डुकराचे मांस घालण्याची पद्धत आहे. ‘मोंगो’ म्हणजे लसूण-कांदा-टोमॅटोच्या फोडणीवर शिजवलेले अख्खे मूग, वरून शेवग्याचा किंवा कारल्याचा पाला. हा पदार्थ आपल्याला फार जवळचा वाटेल. फिलिपिन्समधील बहुसंख्य लोक कॅथलिक ख्रिस्ती आहेत आणि ईस्टरपूर्वीच्या उपासकाळात ते शुक्रवारी मांस वर्ज्य करतात. त्या दिवशी मोंगो हमखास केला जातो. मात्र त्यांच्या या व्रतात मासा चालतो, म्हणून मांस नसलेल्या मोंगोमध्ये सुका मासा किंवा झिंगे सहज पडतात.

यावरून लक्षात येईल की “यात मांस आहे का?” हा प्रश्न आपल्या उपयोगाचा नाही. वाढणारा प्रामाणिकपणे “नाही” म्हणेल आणि पातेल्यात पातिस असेल. आपल्या मुलाने त्या सहकाऱ्याला आणि त्याच्यामार्फत हॉटेललाही एक छोटी यादी लिहून द्यावी : मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत, झिंगे नकोत, पातिस नको, बागोओंग नको, ऑयस्टर सॉस नको, अंडे नको, मांसाचे उकळलेले पाणी नको. यादी लांब वाटेल, पण तिच्यातला एकही शब्द अनावश्यक नाही. दुबईतील अशा हॉटेलांतील बहुतेक कर्मचारी चांगले इंग्रजी बोलतात, त्यामुळे भाषेची अडचण येणार नाही.

आता काय मागावे ते सांगतो. साध्या पाण्यात शिजवलेला मोंगो, पाला घालून. विस्तवावर भाजून सोललेल्या वांग्याची ‘एन्सालादा’, ज्यात वांग्याबरोबर टोमॅटो, कांदा आणि शिरका, म्हणजे व्हिनेगर, एवढेच असते, बागोओंग बाजूला ठेवायला सांगावे. शिरका, सोया सॉस आणि लसणात परतलेली ‘कांगकोंग’, म्हणजे नाळीची भाजी. टोफू, म्हणजे सोयाबीनचे पनीर. आणि पांढरा भात. भाज्यांचे ‘लुम्पिया’, म्हणजे तळलेल्या गुंडाळ्या, दिसायला सोयीच्या असतात, पण त्या बहुधा मांसाच्या लुम्पियाच्याच तेलात तळल्या जातात आणि आवरणात अंडे असू शकते. आपल्यासारख्यांनी त्या सोडून द्याव्यात असे माझे मत आहे. आपण चातुर्मासात किंवा एकादशीला कांदा-लसूण टाळत असाल, तर त्या दिवशी जाऊच नये, कारण लसणाशिवाय तेथील फोडणी होत नाही.

आणखी एक सूचना. ‘कामायान’ पद्धतीची मेजवानी कृपया नको म्हणून सांगावे. त्यात लांब टेबलावर केळीची पाने अंथरून मध्ये भात आणि त्याच्यावर व कडेने मासे, मांस, झिंगे, भाज्या असे सगळे एकत्र रचतात आणि मंडळी दोन्ही बाजूंनी हाताने जेवतात. पाहायला ती फार सुरेख असते, परंतु त्यात आपले अन्न वेगळे राहू शकत नाही. डुकराचे मांस दुबईत फक्त वेगळा परवाना असलेल्या ठिकाणी मिळते. सर्वसाधारण फिलिपिनो हॉटेलात त्याऐवजी कोंबडी आणि गोमांस वापरतात, हेही आपल्या माहितीसाठी.

आणि त्या गृहस्थांना परतभेट म्हणून मुलाच्या घरी जेवायला बोलवावे. ताई वरण-भात, भरीत, पुरणपोळी जे काही करतील ते त्यांना आवडेल. भात आणि वांगे दोन्ही त्यांच्या रोजच्या जेवणातले आहे.

प्रश्न : हॉटेल मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम संपवून मी लवकरच एका प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात रुजू होत आहे. तेथील निम्म्याहून अधिक कर्मचारी फिलिपिनो असतात असे ऐकतो. आम्ही सावजी रस्सा खाणारी माणसे. त्यांच्या जेवणात तिखट असते का?
— एक तरुण, ता. काटोल, जि. नागपूर

उत्तर : नसते म्हटले तरी चालेल. मिरची त्यांच्याकडे आपल्यासारखीच अमेरिका खंडातून आली. स्पेनची गलबते 1565 ते 1815 या काळात मेक्सिकोतील अकापुल्को आणि मनिला यांच्या दरम्यान ये-जा करीत होती, आणि त्या मार्गाने आलेल्या अनेक वनस्पती तेथे रुजल्या. तरीही बिकोलसारखे काही प्रांत सोडले तर मिरचीने त्यांच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला नाही. त्यांच्या चवीचा कणा आंबट आणि खारट असा आहे, आणि त्याच्या जोडीला गोड येते. स्पॅगेटीसुद्धा ते गोड करतात आणि त्यात केळ्याचे केचप घालतात. हे केचप तयार करण्याचे श्रेय मारिया ओरोसा या फिलिपिनो अन्नरसायनशास्त्रज्ञ महिलेला दिले जाते. टोमॅटोची टंचाई आणि केळी मात्र भरपूर, अशा परिस्थितीतून ते निघाले. 1945 साली मनिलाच्या लढाईत त्यांचा मृत्यू झाला.

आपल्याला तिखट हवेच असेल तर त्याची सोय प्रत्येक टेबलावर असते. फिलिपिनो माणूस जेवायला बसला की स्वतःसाठी एक छोटी वाटी कालवतो : शिरका किंवा सोया सॉस, त्यात कालामान्सी नावाच्या बारक्या लिंबाचा रस, ठेचलेला लसूण आणि हवी असल्यास ‘लाबुयो’ जातीची बारीक मिरची. ही मिरची दिसते तेवढी निरुपद्रवी नसते. आपले तिखट आपल्या वाटीत घ्यावे, सर्वांसाठी ठेवलेल्या भांड्यावर लाल तिखट भुरभुरू नये.

प्रश्न : मी परिचारिका असून सौदी अरेबियातील एका रुग्णालयात माझी निवड झाली आहे. तेथे फिलिपिनो परिचारिकांबरोबर राहावे लागेल आणि सुटीच्या दिवशी त्या सगळ्या जणी हॉटेलात जेवायला जातात असे आधी गेलेल्या मैत्रिणीने सांगितले. मी कोंबडी आणि मासे खाते, गोमांस आणि डुकराचे मांस खात नाही. पदार्थांच्या नावांवरून मला काही कळत नाही. शिवाय जेवायची रीत, बिल कोण देते, हेही माहीत नाही. कृपया सविस्तर सांगावे.
— एक वाचक भगिनी, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : आपल्या बाबतीत अडचण फार थोडी आहे. सौदी अरेबियात डुकराचे मांस कोठेच मिळत नाही, तेव्हा प्रश्न फक्त गोमांसाचा उरतो. ‘कारे-कारे’, ‘बुलालो’, ‘बिस्तेक’ आणि ‘तापा’ ही चार नावे लक्षात ठेवावीत. हे पदार्थ गोमांसाचे असतात. सकाळच्या न्याहारीत ‘तापसिलोग’ नावाचे ताट असते, त्यातही हेच तापा लसणाच्या भाताबरोबर आणि अंड्याबरोबर येते. पुढे कधी सिंगापूरला गेलात तर मात्र हिशेब बदलेल. तेथे हलाल प्रमाणपत्र नसलेल्या फिलिपिनो हॉटेलात डुकराचे मांस सर्रास असते, आणि ‘लेचोन’, ‘सिसिग’, ‘लुम्पियांग शांघाय’ ही त्याचीच नावे समजावीत.

यांपैकी कारे-कारेबद्दल थोडे सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती आपल्या भागातील माणसाच्या जिभेला न चाखताही कळेल अशी गोष्ट आहे. भाजलेले शेंगदाणे वाटून आणि भाजलेल्या तांदळाचे पीठ लावून तिचा दाट रस्सा करतात, त्याला शेंद्रीच्या बियांचा केशरी रंग देतात आणि त्यात बैलाची शेपटी, वांगे, चवळीच्या शेंगा व केळफूल घालतात. 1762 मध्ये इंग्रजांनी मनिला जिंकून घेतले तेव्हा त्यांच्या फौजेत मद्रासकडचे शिपाई होते. 1764 मध्ये इंग्रज परतले तरी त्यांतील काही जण मनिलाजवळच्या काइन्ता गावी स्थायिक झाले. त्यांनी मिळेल त्या साहित्यातून आपल्या घरचा रस्सा करायचा प्रयत्न केला आणि त्यातून कारे-कारे निघाली, अशी एक कथा आहे. शिपायांचे तेथे राहणे ही इतिहासातील गोष्ट आहे, रश्श्याच्या जन्माकडे मात्र कथा म्हणूनच पाहावे. काही हॉटेलांत ती फक्त भाज्यांची किंवा समुद्री माशांची करून देतात, विचारून पाहायला हरकत नाही. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी अर्थातच तिच्यापासून दूर राहावे. तिच्याबरोबर बागोओंगची वाटी येते. तिचा वास पहिल्यांदा उग्र वाटतो, पण ज्यांच्या घरी सुकट भाजली जाते त्यांना तो सोसवेल.

आपण निर्धास्तपणे मागावेत असे पदार्थ पुष्कळ आहेत. ‘तिनोला’ हा आल्याच्या पातळ पाण्यात कोंबडी, कच्ची पपई आणि शेवग्याचा पाला घालून केलेला साधा पदार्थ आहे. रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेला त्याच्याइतके बरे दुसरे काही वाटणार नाही. ‘इनासाल’ ही बाकोलोद शहराकडची निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी. तिला शिरका, कालामान्सी, आले आणि गवती चहाच्या दांड्याचे मुरवण असते आणि भाजताना वरून शेंद्रीचे तेल लावतात. ‘सिनिगांग’ म्हणजे चिंचेच्या आंबट पाण्यातील मासे किंवा झिंगे, त्यात मुळा, भेंडी, वांगे आणि नाळीची भाजी. हा पदार्थ गोमांसाचाही करतात, म्हणून मागताना झिंग्यांचा किंवा माशांचा असे नाव घेऊन सांगावे. भाजलेला ‘तिलापिया’ मासा मिळतोच, आणि तळ्यातले मासे खाऊन वाढलेल्या ब्रह्मपुरीकडील माणसाला त्याच्या काट्यांची भीती नसावी. ‘बांगुस’ नावाचा मासा चवीला उत्तम, पण त्यात बारीक काटे फार. काटे काढलेला मागावा. ‘पान्सित’ म्हणजे शेवयांमध्ये कधी कोंबडी, कधी झिंगे, कधी सगळेच असते, तेव्हा विचारून घ्यावे. वाढदिवसाला त्या हमखास असतात, कारण लांब शेवया म्हणजे लांब आयुष्य हा चिनी समज फिलिपिनो लोकांनीही स्वीकारला आहे.

आता रीत. एकामागून एक पदार्थ आणण्याची पद्धत नाही, सगळे एकदम टेबलावर येते आणि सगळे सगळ्यांचे असते. एका भांड्यातील पदार्थ तीन-चार जणींना पुरतो, म्हणून प्रत्येकीने आपल्यासाठी वेगळा पदार्थ मागवला तर अर्धे अन्न उरते. भात मात्र प्रत्येकीला स्वतंत्र येतो. फिलिपिनो माणूस उजव्या हातात चमचा आणि डाव्या हातात काटा धरतो, काट्याने घास चमच्यावर लोटायचा आणि चमच्याने खायचे. सुरी लागतच नाही, मऊ मांस चमच्याच्या कडेनेच तोडतात. हाताने जेवलात तर कोणी नाक मुरडणार नाही, ती त्यांचीही जुनी रीत आहे. जेवणापूर्वी काही जणी डोळे मिटून प्रार्थना करतात, तेवढा वेळ थांबावे. वाढणाऱ्या पुरुषाला ‘कुया’ आणि बाईला ‘आते’ म्हणून हाक मारतात, म्हणजे थोरला भाऊ आणि थोरली बहीण. चुटकी वाजवून किंवा “ए” म्हणून बोलावणे तेथे उद्धटपणाचे समजतात. आपल्याकडेही ते तसेच समजले जायला हवे, पण तो विषय वेगळा.

बिलाचे दोन नियम आहेत. कोणाचा वाढदिवस असेल किंवा कोणाला बढती मिळाली असेल, तर ज्याचा आनंद त्याने सर्वांना जेवू घालायचे. एरवी मैत्रिणी-मैत्रिणी गेल्या की प्रत्येकीने आपापला वाटा द्यायचा, आणि तसे आधीच बोलून ठरवतात. आपला वाटा पुढे करायला संकोच करू नये, आणि कोणी आग्रहाने दिलाच तर पुढच्या वेळी आपण द्यावा. उरलेले अन्न बांधून घेण्यात तेथे कमीपणा मानत नाहीत, उलट ते टाकून उठणे लोकांना खटकते.

प्रश्न : फिलिपिन्समध्ये तिन्ही वेळा भातच खातात आणि तेथे धानाचे मोठे संशोधन केंद्र आहे असे वाचले. मग परदेशातील त्यांच्या हॉटेलात कोणता तांदूळ असतो? आमच्या चिन्नोर, एचएमटीसारखा असतो का?
— एक धान उत्पादक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : तिन्ही वेळा भात हे खरे आहे. न्याहारीला रात्रीच्या उरलेल्या भाताला लसणाची फोडणी देतात, त्याला ‘सिनांगाग’ म्हणतात, आणि त्याच्यासाठी लोक मुद्दाम भात उरवतात. भाताशिवाय वाढलेले मांस-मासे त्यांना नुसते तोंडी लावणे वाटते. काही फिलिपिनो हॉटेलांत तर ठरावीक किमतीत लागेल तेवढा भात वाढण्याची प्रथा आहे, आणि पैज लावल्यासारखे खाणारे गिऱ्हाईकही असते.

आपण म्हणता ते केंद्र म्हणजे लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय धान संशोधन संस्था. तिची स्थापना 1960 मध्ये झाली आणि 1966 मध्ये तिने आयआर-8 हे बुटके, खताला चांगला प्रतिसाद देणारे वाण दिले, ज्याने आशियातील धानशेतीचे चित्र पालटले. उत्पादन भरघोस, पण दाणा भरड आणि खडूसारखा, त्यामुळे खाणाऱ्यांनी नाके मुरडली. पुढे 1985 मध्ये आलेल्या आयआर-64 ने खाण्याच्या गुणातही समाधान केले. हे नाव आपल्याकडच्या बाजार समितीत आपण ऐकलेच असेल. आपल्या वावरातील वाणांचे गोत्र आणि त्यांच्या ताटातील भाताचे गोत्र असे कोठेतरी जुळते. पण संस्था असून फिलिपिन्स तांदळाच्या बाबतीत स्वयंपूर्ण नाही. तो जगातील मोठ्या आयातदारांपैकी एक आहे. डोंगराळ बेटे, लागवडीस मर्यादित जमीन, वादळांचा मारा आणि वाढती लोकसंख्या ही त्याची कारणे सांगितली जातात. तेथील उत्तरेकडच्या डोंगरांत इफुगाओ लोकांनी कोरलेल्या धानाच्या पायऱ्या मात्र 1995 पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

हॉटेलातील तांदळाकडे वळू. परदेशात तो बहुधा थायलंड किंवा व्हिएतनामकडचा सुवासिक, शिजल्यावर मऊ आणि किंचित चिकटणारा असतो. बासमतीचा मोकळा भात त्यांना कोरडा वाटतो. चिन्नोर शिजवल्यावर जो मऊपणा आणि वास येतो त्याच्याशी त्यांचा आवडता भात बराच जुळेल. एचएमटीचा दाणा बारीक असला तरी भात त्यापेक्षा मोकळा होतो. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या वावरात वेगळ्या ओंब्या हेरून, त्यांचे बी जपून, एचएमटी हे वाण निवडले. ते कोणत्याही प्रयोगशाळेत घडले नव्हते. 2018 मध्ये दादाजी गेले. लॉस बान्योसची गोष्ट सांगताना नांदेडची सांगायची नाही, हे मला बरे वाटत नाही.

प्रश्न : फिलिपिनो लोक पिल्लू असलेले अंडे खातात हे खरे का? हॉटेलात ते न मागता वाढतात का? भाचा त्यांच्याबरोबर काम करतो, म्हणून काळजी वाटते.
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : खरे आहे. ‘बालूत’ म्हणजे काही दिवस उबवलेले बदकाचे अंडे, उकडून मीठ किंवा शिरक्याबरोबर खातात. ते मुख्यतः रस्त्यावर, संध्याकाळनंतर विकले जाते. हॉटेलात कोणी न मागता वाढत नाही. भाच्याला कोणी थट्टेने पुढे केलेच तर हसून नाही म्हणावे, पुष्कळ फिलिपिनोही ते खात नाहीत.

प्रश्न : उन्हाळी सुटीत मुलांना घेऊन बहिणीकडे सिंगापूरला जात आहे. ऑर्चर्ड रोडवरील लकी प्लाझामध्ये फिलिपिनो खाद्यपदार्थ मिळतात असे तिने सांगितले. आम्ही अंडे खात नाही. मुलांसाठी काही गोड मिळेल का?
— एक शिक्षिका, ता. पुसद, जि. यवतमाळ

उत्तर : मिळेल, आणि भरपूर. एक व्यावहारिक सूचना आधी : रविवारी लकी प्लाझात जाऊ नये. सिंगापूरमध्ये घरकाम करणाऱ्या फिलिपिनो स्त्रियांचा तो बहुधा सुटीचा दिवस असतो, त्या तेथे पैसे पाठवायला, भेटायला आणि गावचे अन्न खायला येतात. मुलांना घेऊन बसायला जागा मिळणार नाही. त्यांच्या हक्काच्या एका दिवशी गर्दीत भर न घातलेली बरी, असेही मला वाटते.

सर्वांत प्रसिद्ध गोड पदार्थ ‘हालो-हालो’. उंच पेल्यात गोड पाकातील कडधान्ये, फणसाचे गरे, केळी, नारळाच्या पाण्यापासून केलेले चिवट तुकडे आणि रंगीत जेली घालून वर किसलेला बर्फ आणि आटवलेले दूध ओततात. खाण्यापूर्वी सगळे ढवळून घ्यायचे असते. त्याच्यावर बहुधा ‘लेचे फ्लान’चा तुकडा ठेवतात आणि तो अंड्यातील पिवळ्या बलकाचा असतो. तो घालू नका असे आधी सांगावे, नंतर काढून टाकणे पुरेसे नाही, कारण तो ढवळताना विरघळतो. जेली ‘गुलामान’ची, म्हणजे चायना ग्रासची असेल तर ती समुद्री शेवाळापासून होते. ती जिलेटिनची नाही ना, एवढे विचारावे. वर ठेवलेले जांभळे आइस्क्रीम पाहून मुले खूष होतील. तो रंग ‘उबे’ नावाच्या कंदाचा, म्हणजे कोनफळाचा असतो. आइस्क्रीममध्ये अंडे आहे का तेवढे पाहावे. याच कोनफळाचा दूध-लोणी-साखरेत आटवलेला ‘हालाया’ बिनअंड्याचा असतो आणि घरी आणता येतो.

त्याशिवाय ‘ताहो’ पाहावे : सोयाबीनचे कोमट, लुसलुशीत पनीर, गुळचट पाक आणि साबुदाण्याचे मोती. ‘बिको’ चिकट तांदूळ, नारळाचे दूध आणि गडद साखरेचा असतो. ‘बिबिंगका’ नावाची तांदळाची भाजलेली पोळी मात्र अंड्याची असते, ती टाळावी. केळी गुंडाळून साखरेत तळलेला ‘तुरोन’ चांगला लागतो, पण तेल आणि आवरण यांची चौकशी करावी. आपल्याबरोबर मधुमेही वडीलधारे असतील तर त्यांच्यासाठी साखर न घातलेले शहाळ्याचे पाणीही जपूनच असावे. बाकीचे त्यांच्या कामाचे नाही.

प्रश्न : मुलगा बहरीनहून सुटीवर आला की तेथील फिलिपिनो हॉटेलातील कोंबडीच्या ‘आदोबो’ची आठवण काढतो. तो आमच्या गावी करता येईल का? आमच्याकडे गावरान कोंबडी मिळते, बाकी साहित्याचे सांगावे.
— एक गृहिणी, ता. चिखलदरा, जि. अमरावती

उत्तर : करता येईल. साहित्य थोडेच लागते. एक किलो गावरान कोंबडी, अर्धी वाटी शिरका, अर्धी वाटी सोया सॉस, एक अख्खा गड्डा लसूण ठेचून, एक चहाचा चमचा अख्खे मिरे, दोन-तीन तेजपाने. किराणा दुकानातील पांढरा शिरका बहुधा कृत्रिम असतो, तसे बाटलीवर लिहिलेले असते. उसाचा किंवा फळाचा शिरका मिळाला तर तो घ्यावा, पण कृत्रिमाने काम अडत नाही, थोडा कमी घालावा. तेजपान त्यांच्या पानापेक्षा वेगळ्या झाडाचे असले तरी चालते. हळद, तिखट, गरम मसाला, सांबार (कोथिंबीर) यांपैकी काहीही घालायचे नाही, आणि हीच गोष्ट आपल्या हाताला सर्वांत कठीण जाईल.

सगळे एकत्र करून कोंबडी अर्धा तास मुरू द्यावी. स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात दीड पेला पाणी घालून ती चुलीवर चढवावी. अ‍ॅल्युमिनियमचे किंवा कल्हई नसलेले पितळी भांडे वापरू नये, शिरका त्यांच्याशी लागतो. उकळी येईपर्यंत झाकण ठेवू नये आणि ढवळूही नये, म्हणजे शिरक्याचा कच्चा उग्र वास निघून जातो, अशी तेथील स्वयंपाक करणाऱ्यांची ठाम समजूत आहे, आणि ती पाळलेली बरी. नंतर झाकून मंद आचेवर शिजवावे. ब्रॉयलरला पाऊण तास पुरतो, गावरान कोंबडीला तासाहून अधिक लागेल, मधून मधून गरम पाणी घालावे. मांस मऊ झाले की रस आटवावा, तुकडे बाहेर काढून थोड्या तेलात परतावेत आणि पुन्हा रसात सोडावेत. सोया सॉस खारट असतो, म्हणून मीठ अगदी शेवटी, चाखून घालावे. घरी ज्वारीची भाकरी असली तरी त्या दिवशी भात लावावा, कारण हा रस भातातच जिरतो.

शिरक्यामुळे आदोबो दुसऱ्या दिवशी अधिक चविष्ट लागतो आणि इतर रश्श्यांपेक्षा टिकतोही. शीतपेटी नसलेल्या काळात तो याच कारणाने टिकून राहिला. चिखलदऱ्याच्या थंड रात्री तो झाकून ठेवला तर एक वेळ चालून जाईल. मुलगा मे महिन्यात येणार असेल आणि आपण खाली परतवाड्याकडे राहायला असाल, तर मात्र फ्रिजमध्येच ठेवावा आणि खाण्यापूर्वी पुन्हा खळखळून उकळून घ्यावा.